रेडिएटर गळतोय: बाटली ओतावी, डाग द्यावा (सोल्डर करावा) की नवाच बसवावा?

नाशिक शहरात फिरताना बारीक गळती लक्षातही येत नाही. मुंबईहून येताना कसारा घाटात किंवा वणीच्या गडाची चढण लागली, की तापमानाचा काटा वर सरकतो. खर्च करण्याआधी गळतंय कुठे ते शोधा. एसी चालवल्यावर डाव्या सीटपुढे खाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचंच असतं. हिरवा, गुलाबी, चिकट, गोडसर वासाचा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा. गॅरेजवाल्याला गार इंजिनवर प्रेशर टेस्टर लावायला सांगा. रेडिएटरच्या झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच (बहुतेकदा ०.९ ते १.१ बार) दाब द्यायचा आणि १५ मिनिटं टेस्टरचा काटा पाहायचा; तो उतरला तर गळती आहे. इंजिन गरम असताना झाकण उघडायचं नाही, वाफेने चेहरा भाजतो.

लीक बंद करणारी बाटली सर्वांत स्वस्त. ती बारीक भोक बुजवते, पण हीटरच्या नळ्याही चोंदवू शकते. फुटलेल्या होज पाईपला तिचा काहीच उपयोग नाही. रस्त्यात अडकलात तर गॅरेज गाठण्यापुरती ठीक. तिच्या भरवशावर घाट चढू नये.

डाग देण्याचं काम जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरलाच शोभतं. हल्लीच्या गाड्यांत अॅल्युमिनियमच्या जाळीवर प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते; प्लास्टिकला डाग लागत नाही. एम-सील थापलं तरी गरम-गार होताना टाकी फुगते-आकसते आणि ते उखडतं. नुसती जोडाची रबरी रिंग गेली असेल तर ती बदलता येते, पण कडेचे दात उघडताना तुटायची भीती असते. टाकीला तडा असेल तर नवाच बसवा, इथे काटकसर महागात पडते.

नवा घेताना झाकणही बदला. होज दाबून पाहा. भेगाळलेले, लिबलिबीत असतील तर तेही. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या. घट्ट (कॉन्सन्ट्रेट) मिळालं तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. बोअरचं पाणी नको, आत क्षार साचतात. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत इंजिन चालवा, म्हणजे हवा निघून जाते.

मात्र बाहेर थेंबही नाही आणि कूलंटची पातळी उतरतेच आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय, कूलंटच्या टाकीत बुडबुडे उठताहेत, तर रेडिएटरला हात लावू नका. आधी हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) तपासून घ्या.