कोकणात कायमचं राहायला जाताना: घरात दिव्यांग माणूस असेल तर गावचं घर, अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी की कुडाळ?

मुंबई-ठाण्याचा गाशा गुंडाळून कोकणात येणारी कुटुंबं आधी जिल्हा ठरवतात, मग गाव, आणि घर सगळ्यात शेवटी बघतात. घरात व्हीलचेअरवरची आई, स्वमग्न मुलगा किंवा अंथरुणाला खिळलेले वडील असतील तर हा क्रम उलटा करा. गाडी थांबते तिथपासून अंथरुणापर्यंतची वाट आधी बघा, आणि तीही जुलैत. त्यानंतर रात्री दोन वाजता गाठता येईल असं हॉस्पिटल, मग शाळा आणि थेरपी. एवढं झालं की जिल्ह्यासाठी फार पर्याय उरत नाहीत.

गावचं घर की तालुक्याचा फ्लॅट

वडिलोपार्जित घर रिकामं पडलेलं असतं, म्हणून सगळ्यांचा पहिला ओढा तिकडेच. पण कोकणातली वाडी उतारावर वसलेली असते. डांबरी रस्ता वर संपतो आणि घरापर्यंत पाखाडी उतरते. पाखाडीच्या पायऱ्या एका मापाच्या नसतात, कठडा नसतो, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जांभ्यावर शेवाळ धरतं. चार माणसांनी खुर्ची उचलून नेणं लग्नकार्यापुरतं जमतं. दर आठवड्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर चालत नाही. त्यामुळे गावच्या घराची पहिली अट एकच: रिक्षा अंगणात आली पाहिजे. येत नसेल आणि रस्ता काढायला भाऊबंदांच्या जागेतून जावं लागणार असेल, तर त्यांची लेखी संमती हातात येईपर्यंत मुंबईचं घर सोडू नका.

दुसरी अडचण जोत्याची. जुन्या घरांचं जोतं दोन ते तीन फूट असतं. व्हीलचेअरच्या रॅम्पला १:१२ उतार लागतो, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाच्या ओट्याला १८ फूट, तीन फुटांच्या जोत्याला ३६ फूट, आणि एवढ्या लांब रॅम्पला मध्ये पाच फुटांचा सपाट टप्पा. गवंड्यावर सोडलं तर तो बहुतेक वेळा मोटरसायकल चढेल असा सहा-सात फुटांचा उतार करून देतो. त्यावरून खुर्ची चढवताना ढकलणाऱ्याची कंबर जाते आणि उतरवताना खुर्ची हातातून सुटते. रुंदी चार फूट ठेवा, दोन्ही बाजूंना धरायला पाइप आणि चाक घसरू नये म्हणून कडेला चार इंचांचा कट्टा घ्या. वर गुळगुळीत कोबा किंवा टाइल नको. ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा मारून घ्या आणि पावसाळ्यात पंधरवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासा. पाणी उताराच्या पायथ्याशी साचू देऊ नका, नाहीतर चाक नेमकं तिथेच रुततं. खळं (घरासमोरचं अंगण) सामाईक असेल तर रॅम्पसाठीही सहहिस्सेदारांची संमती लागते. बांधून झाल्यावर वाद निघाला तर तो रॅम्प तोडायला लागतो.

आत आलात की उंबरे. प्रत्येक दाराला तीन-चार इंचांचा उंबरा आणि दाराची मोकळी रुंदी बऱ्याचदा २८ इंच. साधी व्हीलचेअर २५-२६ इंचांची असते, म्हणजे बोटं दाराला घासणार. किमान ३२ इंच मोकळी जागा हवी, ३६ मिळाली तर उत्तम. संडास-न्हाणीघर मागच्या परसात असेल तर ते घराच्या आत घेण्याचा खर्च धरूनच गावच्या घराची फ्लॅटशी तुलना करा. खुर्ची वळवायला आत पाच फूट बाय पाच फूट लागतात.

पाण्याचाही विचार करा. मणक्याला इजा असलेल्या माणसाच्या स्वच्छतेला पाणी जास्त लागतं आणि कित्येक वाड्यांतल्या विहिरी एप्रिल-मेमध्ये तळ गाठतात. नळयोजना आहे का, एवढंच विचारून भागत नाही. मे महिन्यात नळ किती दिवसांआड येतो ते विचारा.

स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल घरातून एकटं निघून जात असेल, तर वाडी शहरापेक्षा धोक्याची ठरू शकते. गडगा (दगडी कुंपण) कमरेएवढा, विहिरीला कठडा नाही, पलीकडे पऱ्या म्हणजे ओढा. विहिरीवर लोखंडी जाळी आणि बेड्याला (कुंपणाच्या फाटकाला) वरून कडी हे राहायला जाण्याआधीचं काम आहे. दृष्टिहीन माणसाला गडग्याला हात लावत चालायची सवय लावू नका, जांभ्याच्या फटीत फुरसं हा विषारी साप असतो. पायवाटेच्या कडेने दोरी बांधलेली बरी.

अलिबाग-पेण

मुंबईतले डॉक्टर सोडायचे नाहीत, त्यांच्यासाठी हा पट्टा. जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेज अलिबागेत आहे. पेणला सुहित जीवन ट्रस्टची ‘सुमंगल’ ही विशेष मुलांची शाळा आहे. रेल्वे पेणपर्यंतच आहे, अलिबागला प्रवासी गाडी येत नाही. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो बोट २०२०पासून सुरू आहे. गाडीसकट जाता येत असल्याने व्हीलचेअरवाल्यांना तीच सोयीची. प्रवासात गाडीतच बसून राहता येईल का, हे तिकीट काढताना विचारून घ्या. गेटवेहून सुटणाऱ्या कॅटामरान या प्रवासी बोटीला धक्क्याच्या पायऱ्या आणि हलती बोट असा दुहेरी त्रास आहे, आणि पावसाळ्यात ती सेवा बंदच असते. खराब हवामानात रो-रोसुद्धा रद्द होते, म्हणून जुलै-ऑगस्टमधल्या अपॉइंटमेंटला रस्त्याचा वेळ धरा. बंगलेवाल्यांमुळे जागा महाग आहेत. ज्यांना मुंबईत महिन्यातून एखादी फेरीच करायची आहे, त्यांनी हे पैसे इथे घालण्यात अर्थ नाही.

चिपळूण

सोयींच्या बाबतीत चिपळूण अनेकांना पटतं. स्टेशन जवळ, बाजारपेठ मोठी, तालुक्यातच डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि त्याचं मेडिकल कॉलेज. अडचण वाशिष्ठी नदीची आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा शहर बुडालं. २०२१ला बाजारपेठेच्या भागात पाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढलं. व्हीलचेअरला तळमजला हवा आणि पुराला वरचा मजला, हा पेच इथे रोजचा आहे. वरचा मजला घेतला आणि वीज गेली की लिफ्ट बंद. पुरात जनरेटर तळमजल्यावर असेल तर तो आधी बुडतो. म्हणून इमारतीत २०२१ला पाणी कुठवर आलं होतं ते पायऱ्या मोजून विचारा. एजंटला विचारू नका, तळमजल्यावरच्या दुकानदाराला विचारा. जलसंपदा विभागाची निळी आणि लाल पूररेषा नगरपरिषदेत बघता येते. दोन्ही रेषांबाहेरचा तळमजला मिळत असेल तर चिपळूण जरूर घ्या. नसेल तर कितीही स्वस्त असला तरी नको.

रत्नागिरी

बहुतेक कुटुंबांना आम्ही रत्नागिरी शहरच सुचवू. जिल्हा रुग्णालय, २०२३पासून सरकारी मेडिकल कॉलेज, आणि राज्यातल्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक इथे आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसाच्या घरच्यांना हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट मिळतो, मानसोपचारतज्ज्ञ रोज मिळेलच असं नाही. आविष्कार संस्थेची बौद्धिक अक्षम मुलांसाठीची शाळा आणि अभ्यंकर मूकबधिर विद्यालय शहरात आहे. रत्नागिरी हँडिकॅप्स पॅराप्लेजिक फाऊंडेशन व्हीलचेअर वापरणाऱ्यांमध्ये काम करतं. घर बघायला येण्याआधी तिथल्या लोकांशी बोललात तर कुठला रस्ता चढाचा आणि कुठली इमारत खरोखर सोयीची, हे एका फोनात कळतं.

शहर चढउताराचं आहे. मारुती मंदिर, नाचणे रोड, कुवारबाव हा वरचा भाग तुलनेने सपाट आहे, खाली मांडवीकडे उतार लागतो. स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटरवर, पण कुवारबावहून जवळ. दृष्टिहीन मुलासाठी निवासी शाळा हवी असेल तर घराडीची (ता. मंडणगड) स्नेहज्योती शाळा याच जिल्ह्यात आहे. मात्र घर रत्नागिरीत आणि मूल घराडीत, हे अंतर मोठं आहे, त्याचा आधीच विचार करा. मोठ्या शस्त्रक्रियेला आंबा घाटातून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. घाटात दरड आली की हा रस्ता बंद, हे धरून चला.

कुडाळ-ओरोस-सावंतवाडी

सपाट जमीन, चौपदरी महामार्ग, गावालगतचं कुडाळ स्टेशन. ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा रुग्णालय आणि सरकारी मेडिकल कॉलेज एकाच परिसरात आहे, त्यामुळे एका रिक्षात दिवसाची सगळी कामं उरकतात. दिव्यांग माणसाला घेऊन चार कार्यालयं फिरलेल्या कुणालाही याची किंमत कळेल. गंभीर आजाराला लोक बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजला जातात. तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांसाठी शुल्काचे नियम वेगळे आहेत, ते आधी विचारा. कुडाळ तालुक्यात मोरे इथे हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डने उभारलेली स्वप्ननगरी आहे, तिथल्या काजू प्रक्रियेच्या कामात दिव्यांग व्यक्ती आहेत. मूल अठरा पार झालं आणि पुढे काय, असा प्रश्न असलेल्यांनी ती जरूर बघावी. उणीव स्पीच आणि ऑक्युपेशनल थेरपीची. आठवड्यातून दोनदा सेशन हवं असेल तर कोण कुठल्या वारी येतं याची खातरजमा केल्याशिवाय येऊ नका. सहा वर्षांखालचं मूल असेल तर याच कारणासाठी रत्नागिरी बरी.

वीज आणि माणसं

वीज जाणं सगळीकडेच आहे, फरक किती वेळ जाते याचा. जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मिनिटाला पाच लिटर देणारा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) साधारण ३५० वॅट खेचतो. १५० एएचच्या एका बॅटरीवर तो जेमतेम चार तास चालतो. म्हणून सोबत ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर हवाच. त्यात सुमारे १,५०० लिटर असतात, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतात. तो भरून कुठे मिळतो आणि पावसात आणून कोण देणार, हे घर घेण्याआधी ठरवा. हवेच्या गादीचा पंप फार थोडी वीज खातो, त्याला साधा इन्व्हर्टर पुरतो. तो बंद राहिला तर मात्र काही तासांत पाठीला जखम सुरू होऊ शकते.

खारी, दमट हवा उपकरणं खाते. लोखंडी व्हीलचेअरऐवजी ॲल्युमिनियमची घ्या, बेअरिंगला महिन्याला ग्रीस लावा. श्रवणयंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवा. कॅलिपरच्या (पायाला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या साच्याच्या) चामडी पट्ट्यांना बुरशी धरते, त्या नायलॉनच्या करून घ्या. कपडे वाळत नाहीत, डायपर जास्त लागतात, जांघेत बुरशीचं इन्फेक्शन होतं. फिट्सच्या औषधांचा दोन महिन्यांचा साठा आणि चिठ्ठी घरात हवी. क्लोबाझामसारखं औषध तालुक्याच्या मेडिकलमध्ये ऐनवेळी मिळेलच असं नाही.

मदतीला येणारी बाई गावात मिळते, पण भातलावणीत, गणपतीत आणि शिमग्यात ती येणार नाही. ते तिचं चुकतं असं नाही. त्या दिवसांसाठी दुसरं माणूस आधीच बोलून ठेवा.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) देशभर चालतं, पण त्यावरचा पत्ता पोर्टलवर बदलून घ्या. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान सुरू असेल तर निघण्यापूर्वी जुन्या तहसीलला प्रकरण वर्ग करण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नुसतं गाव बदललं आणि हयातीचा दाखला जुन्या ठिकाणी राहिला की पैसे थांबतात. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गावात रहिवासी झालात की ग्रामसेवकाकडे दिव्यांग नोंदवहीत नाव घाला, ग्रामसभेत मागणी लेखी द्या. एसटीत ४० टक्के आणि त्यावर दिव्यांगत्व असणाऱ्याला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, ६५ टक्क्यांच्या पुढे सोबत्यालाही ५० टक्के. मूल अठराचं होत आलं असेल आणि त्याला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अक्षमता असेल, तर राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. हे प्रकरण मुंबईत अर्धवट असेल तर ते तिथेच पूर्ण करून, आदेशाच्या साक्षांकित प्रती घेऊन मगच सामान ट्रकमध्ये चढवा.