चार कारणे आणि एकच ‘बिकॉज’: प्रगत कोरियन व्याकरणाच्या एका ऑनलाइन वर्गाविषयी

‘टोपिक’ या कोरियन भाषेच्या परीक्षेतील पाचव्या आणि सहाव्या पातळीची तयारी करून घेणारा तीन महिन्यांचा ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. काही तक्रारीही मांडायच्या असल्याने संस्थेचे नाव येथे देत नाही.

वर्गाची खरी जमेची बाजू अशी, की तेथे व्याकरणाचे साचे सुटे न शिकवता जवळच्या अर्थाचे साचे शेजारी ठेवून शिकवतात. कारण सांगणारे ‘नुरागो’, ‘नुन बारामे’, ‘नुन थोंगे’ आणि ‘नामोजी’ हे चौघे एकाच तासाला समोर आले. पुस्तकात ते वेगवेगळ्या प्रकरणांत भेटत असल्यामुळे त्यांच्यातला फरक मला तोवर जाणवलाच नव्हता. पहिल्या गृहपाठात ‘बाळ रडत असल्यामुळे मला झोप लागली नाही’ हे वाक्य मी ‘नुरागो’ वापरून लिहिले. शिक्षिकेने ते खोडून ‘आइगा उनुन थोंगे’ असे केले, कारण ‘नुरागो’च्या दोन्ही बाजूंना कर्ता एकच लागतो आणि येथे रडणारे बाळ वेगळे, जागणारी मी वेगळी.

अडचण आहे ती टिपणांची. ती इंग्रजीत असून चारही साच्यांपुढे ‘बिकॉज’ एवढाच अर्थ छापलेला आहे. मराठीत मात्र ‘नुरागो’ म्हणजे बहुतेक वेळा ‘च्या नादात’: मालिका बघण्याच्या नादात गृहपाठ राहिला. ‘बाळाच्या रडण्याच्या नादात मला झोप लागली नाही’ असे आपल्यापैकी कोणीही म्हणणार नाही. म्हणजे जो नियम मला गुण घालवून कळला, तो माझ्या कानाला आधीच ठाऊक होता! पुढे मी वहीत ‘गिनुन खोन्योंग’समोर ‘तर सोडाच’ आणि ऐकीव बातमी सांगणाऱ्या ‘ओन्देयो’समोर ‘येतोय म्हणे’ असे लिहीत गेले. सगळीकडे हे जमत नाही. स्वतः पाहिलेले सांगताना येणाऱ्या ‘दोरागोयो’साठी एका शब्दाचा मराठी जोडीदार मला अजून सापडलेला नाही.

लेखनाकडे वर्गाने फारच कमी लक्ष दिले. परीक्षेतील ५४वा प्रश्न म्हणजे ६०० ते ७०० अक्षरांचा निबंध, आणि लेखनाच्या १०० गुणांपैकी ५० त्याच्या एकट्याचे. तरीही बोलण्यातला ‘दोरागोयो’ निबंधात चालत नाही, तेथे वाक्ये ‘दा’ने संपणाऱ्या लेखी शैलीतच हवीत, हे आम्हाला शेवटच्या आठवड्यात सांगण्यात आले, आणि तपासून आलेल्या माझ्या दोन्ही निबंधांवर आकड्याखेरीज एक अक्षरही नव्हते.

चौथी पातळी पार केलेल्यांनी साच्यांच्या तुलनेसाठी हा वर्ग जरूर करावा, निबंध तपासून घेण्याची सोय मात्र दुसरीकडे पाहावी.