पट आणि लेखणी: ग्रँडमास्टरने सदर लिहायला घ्यावं का?

बुद्धिबळातल्या ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबासाठी लागणारे नॉर्म (स्पर्धांमधली ठरावीक कामगिरी) पूर्ण झालेत, रेटिंग (खेळाची ताकद दाखवणारे गुण) 2500 च्या पुढे गेलंय आणि एखाद्या संपादकांनी विचारलंय, "दर आठवड्याला बुद्धिबळावर लिहाल का?" हो म्हणावं की सगळा जीव खेळातच ओतावा, हे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. दोन्ही कामं केलेल्यांची आयुष्यं शेजारी शेजारी ठेवली की बरंच उलगडतं.

अमेरिकेचे रॉबर्ट बर्न तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, 1964 मध्ये ग्रँडमास्टर झाले. 1972 साली त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चं बुद्धिबळ सदर हाती घेतलं आणि 2006 पर्यंत लिहिलं. लिहायला लागलं की खेळ बसतो, असं आपल्याकडे हमखास ऐकवतात. बर्न मात्र सदर सुरू झाल्यावर पुढच्याच वर्षी, पंचेचाळिशीत, लेनिनग्राडच्या इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या पात्रता स्पर्धेत) कार्पोव्ह आणि कोर्चनॉय या सोव्हिएत खेळाडूंच्या पाठोपाठ तिसरे आले आणि जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या फेरीत पोचले. तिथे माजी जगज्जेत्या स्पास्कीने त्यांना एकही डाव जिंकू दिला नाही, पण तिथवर जाणं हीच केवढी गोष्ट!

ग्रँडमास्टर लुबोमिर काव्हालेक यांची वाट वेगळी. प्रागमध्ये त्यांनी पत्रकारितेचंच शिक्षण घेतलं होतं. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले तेव्हा ते पोलंडमध्ये स्पर्धा खेळत होते. मायदेशी न परतता ते पश्चिम जर्मनीत आणि पुढे अमेरिकेत गेले. 1972 च्या अमेरिकन अजिंक्यपदात बर्न, रेशेव्स्की आणि काव्हालेक तिघे पहिल्या क्रमांकावर बरोबरीत होते, म्हणजे तिघांतले दोघे लेखणीवाले! त्याच वर्षी जगज्जेतेपदाच्या फिशर-स्पास्की सामन्याला काव्हालेक 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकन नभोवाणीचे वार्ताहर म्हणून आइसलँडमधल्या रेक्याविकला गेले आणि सामन्याच्या उत्तरार्धात फिशरला तहकूब डावांच्या (अपुरे थांबवून नंतर पुढे खेळायच्या डावांच्या) विश्लेषणात मदतही करू लागले.

इथे मी अडखळतो. वार्ताहरानेच एका खेळाडूच्या खोलीत रात्री डाव सोडवायला बसणं मला पटत नाही. डाव तहकूब ठेवण्याची पद्धत आता गेली, मोह मात्र तोच आहे: ज्या स्पर्धेवर लिहायचं, तिथे आपला सरावाचा जोडीदार किंवा शिष्य खेळत असतो. बर्न यांच्या पद्धतीत ही अडचण कमी, कारण त्यांचं मुख्य काम खेळून झालेला डाव वाचकाला उलगडून दाखवण्याचं होतं. म्हणून सदर आणि वार्तांकन यांत निवड असेल, तर खेळत्या माणसाने सदरच घ्यावं असं मला ठामपणे वाटतं.

वार्तांकनासाठी ऑस्ट्रेलियाचे इयन रॉजर्स पाहा. 1985 मध्ये ते त्या देशाचे पहिले ग्रँडमास्टर झाले. 2007 मध्ये स्पर्धांचा ताण प्रकृतीला झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी खेळणं थांबवलं आणि छायाचित्रं काढणाऱ्या पत्नी कॅथी यांच्यासह स्पर्धांच्या बातम्या देत राहिले. मुंबईचे सागर शाह ग्रँडमास्टर नाहीत, आंतरराष्ट्रीय मास्टर (त्याच्या खालचा किताब) आणि सीए आहेत. पण पत्नी अमृता मोकल यांच्यासोबत त्यांनी उभं केलेलं वार्तांकनाचं काम याच जातकुळीतलं. त्यासाठी दिवसच्या दिवस सभागृहात काढावे लागतात. ते करून स्वतःच्या ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) तयारी करता येईल, असं धरून चालू नका.

पैशाचं थोडक्यात: बक्षीस क्रमांकावर ठरतं, सदराचं मानधन हरलात तरी येतं. घर चालवायचं असेल तर हा फरक छोटा नाही.

नेदरलँड्सचे ग्रँडमास्टर यान हाइन डोनर यांच्याविषयी मात्र सावकाश सांगायला हवं. ते तीनदा राष्ट्रीय विजेते झाले, 1967 मध्ये व्हेनिसला जगज्जेत्या पेट्रोस्यानच्या पुढे राहून जिंकले. त्यांची लेखणी अतिशय धारदार, माणसं दुखावणारी होती, आणि तशी लेखणी चालवायची तर सहकाऱ्यांचा राग सोसायची तयारी हवी. 1983 मध्ये मेंदूत रक्तस्राव झाला, चालणं गेलं, पटावरची कारकीर्द संपली. तरीही शुश्रूषागृहात बसून ते एका बोटाने टंकलेखन करत राहिले आणि 1987 मध्ये त्या लिखाणाला वाङ्मयीन पुरस्कार मिळाला. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं.

विशीत असाल आणि रेटिंग चढत असेल, तर दोन वर्षं थांबा किंवा पंधरवड्याचं सदर मागा. तिशी उलटली असेल तर आठवड्याचं घ्या. मात्र स्वतः खेळत असलेल्या स्पर्धेवर आणि स्वतःच्या शिष्यांवर लिहिणार नाही, हे संपादकांना आधीच सांगा.

होकार कळवण्यापूर्वी एक करून पाहा. 1963-64 च्या अमेरिकन अजिंक्यपदात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या फिशरची चाल पाहून बर्न हार मानून उठले, त्या क्षणी शेजारच्या खोलीत प्रेक्षकांना डाव समजावणारे दोन्ही ग्रँडमास्टर बर्न जिंकताहेत असं समजत होते. स्वतःचा असाच एखादा हरलेला डाव घ्या. फक्त चाली ठाऊक असलेल्या शेजारच्या काकांना तो कुठे फिरला हे कळेल असा सहाशे शब्दांत लिहा आणि त्यांना वाचायला द्या. किती तास लागले, तेही टिपून ठेवा. दर आठवड्याला सरावातून तेवढे तास जाणार आहेत.