सिग्नल अडवणारा पाऊच आणि स्टिअरिंग लॉक : काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

कीलेस गाडीची किल्ली, म्हणजे खिशात नुसती असली तरी हँडलला हात लावताच गाडी उघडणारी किल्ली, चोरांपासून लपवायला मी ज्यात ठेवतो तो पाऊच बाहेरून अजून नव्यासारखा दिसतोय. शिवण उसवलेली नाही, वेलक्रो घट्ट बसतंय, कोपरे झिजलेले नाहीत. आणि तरीही किल्ली आत घालून, तोंड नीट बंद करून दाराच्या हँडलला हात लावला की गाडी उघडते. हा अनुभव लिहायला घेतला तो यामुळेच. लॉक मोडलं तर दिसतं, किल्लीची बॅटरी संपत आली तर गाडी डॅशबोर्डवर सांगते. पाऊच निकामी झाला तर तो काहीच सांगत नाही, आणि माणूस रोज रात्री त्यात किल्ली ठेवून निर्धास्त झोपतो. सुरक्षेसाठी विकल्या जाणाऱ्या वस्तूत यापेक्षा वाईट दोष कोणता असेल, मला सुचत नाही.

अशा गाड्यांच्या चोरीची पद्धत बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. हँडलला हात लागला की गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास एक हाक देते. ती जेमतेम मीटर-दीड मीटर पोचते. किल्ली ती ऐकते आणि ३१५, ४३३ किंवा ८६८ मेगाहर्ट्झवर उत्तर देते. चोर दोन उपकरणं आणतात, एक गाडीपाशी आणि एक घराच्या भिंतीबाहेर, आणि गाडीची हाक उचलून थेट किल्लीपर्यंत पोचवतात. कोड फोडावा लागत नाही, कारण खरी किल्लीच खरं उत्तर देत असते. झ्युरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून दाखवलं होतं. म्हणजे ही युक्ती जुनी आहे, तरी तिला बळी पडणाऱ्या गाड्या रस्त्यावर अजून भरपूर आहेत.

आता पाऊच का मरतो ते. आतलं अस्तर म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर दिलेला तांबे आणि निकेलचा मुलामा. तो अतिशय पातळ असतो. पाऊचचं तोंड दिवसातून अनेकदा उघडतं आणि दुमडतं, ते दर वेळी एकाच रेषेवर. त्या रेषेवर मुलाम्याला बारीक तडे जातात. कापड शाबूत राहतं, धातू तुटतो. उजेडात धरून अस्तर ताणलं तर घडीच्या जागी एक फिकट, मंद रेघ दिसते, बाकीचं कापड चकाकत असतं. ती रेघ दिसली की पाऊच संपला असं समजावं. दुसरी जागा तळाचे दोन कोपरे. किल्लीच्या जुडग्यातली घराची चावी तिथे टोचत राहते आणि अस्तर खरवडलं जातं. म्हणून पाऊचमध्ये गाडीची किल्ली एकटीच ठेवावी, जुडगं नाही.

विकत घेताना म्हणूनच चामड्याची जाडी बघू नये. बाहेरचं आवरण कितीही देखणं असलं तरी सिग्नल अडवायच्या कामात त्याचा वाटा शून्य. बघायचं ते एवढंच: अस्तर दुहेरी आहे का, आणि तोंड एकदा दुमडतं की दोनदा. एकाच घडीच्या पाऊचमध्ये झाकणाच्या दोन्ही बाजूंना फट राहते. दोनदा गुंडाळून बंद होणारा टिकतोही जास्त, कारण ताण दोन रेषांवर वाटला जातो. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे बाहेरचा कप्पा. बऱ्याच पाऊचना दोन कप्पे असतात, त्यातला एकच धातूच्या अस्तराचा असतो. घाईत किल्ली दुसऱ्यात जाते. एका कप्प्याचाच घ्या.

तपासणी नीट करायला हवी, कारण चुकीची तपासणी खोटा दिलासा देते. पाऊचमध्ये मोबाइल घालून फोन लावून बघणं हा सर्रास सुचवला जाणारा उपाय निरुपयोगी आहे. मोबाइलची फ्रिक्वेन्सी वेगळी, सिग्नलची ताकद वेगळी, आणि मोबाइल जाड असल्यामुळे तोंड नीट दुमडतही नाही. वाजला तरी काही सिद्ध होत नाही, नाही वाजला तरी नाही. खरी चाचणी गाडीवरच होते. दुसरी किल्ली घरात, गाडीपासून लांब ठेवा. पहिली पाऊचमध्ये घाला, गाडी लॉक असताना पाऊच हँडलला टेकवून धरा आणि हँडल ओढा. मग पाऊच उलटा करून, आडवा करून, घडीची बाजू हँडलकडे करून पुन्हा ओढा. एकदाही उघडता कामा नये. नंतर पाऊचच्या आतूनच किल्लीची बटणं दाबून बघा, तीही चालता कामा नयेत. एखाद्याच कोनात गाडी उघडत असेल तर 'बहुतेक वेळा चालतो' म्हणून पाऊच ठेवून घेऊ नका. चोराच्या उपकरणाचा अँटेना गाडीच्या अँटेनापेक्षा मोठा असतो, त्याला ती फट पुरते. ही चाचणी महिन्यातून एकदा करावी, कॅलेंडरवर तारीख ठरवून.

एक खबरदारी. पाऊच स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू झाली तर तो पाऊचचा दोष असेलच असं नाही. किल्लीची बॅटरी संपल्यावर उपयोगी पडावा म्हणून तिच्यात बिनबॅटरीचा ट्रान्सपाँडर, म्हणजे किल्लीची ओळख सांगणारी चिप, असतो. काही सेंटिमीटरवरून गाडी त्याला स्वतःच वीज पुरवते आणि वाचते, आणि हे सगळं कमी फ्रिक्वेन्सीवर चालतं. इथे एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यायला हवा, कारण पाऊच विकणारे तो सांगत नाहीत. ४३३ मेगाहर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे लहर धातूत जेवढी खोल शिरते ते अंतर, सुमारे ०.००३ मिलिमीटर आहे, १२५ किलोहर्ट्झला जवळजवळ ०.१९ मिलिमीटर. कापडावरचा मुलामा पहिल्याला पुरतो, दुसऱ्यापुढे फार तोकडा पडतो. म्हणजे पाऊच गाडीची हाक फारशी थांबवत नाही. तो अडवतो ते किल्लीचं उत्तर.

याचा परिणाम रोजच्या वापरात दिसतो. पाऊच गाडीच्या अगदी जवळ ठेवला, उदाहरणार्थ गॅरेजच्या भिंतीवरच्या खुंटीला, आणि गाडी अधूनमधून स्वतःहूनही हाक देणारी असली, तर आतली किल्ली जागी होत राहते, उत्तर देत राहते, आणि तिची सीआर२०३२ बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरते. दोष बॅटरीचा नसतो. पाऊच असला तरी किल्ली गाडीपासून दूरच ठेवायची, दारालगत किंवा खिडकीत नाही.

पाऊच कुचकामी निघाल्यावर पत्र्याचा डबा वापरून पाहिला आणि घरासाठी तोच बरा ठरला. त्यात दुमडण्यासारखं काही नाही, त्यामुळे तुटण्यासारखंही काही नाही. पोलादी हवा, झाकण घट्ट बसणारं हवं. कडेला रंग किंवा वार्निश असेल तर झाकण आणि डबा यांच्यात धातूला धातू टेकत नाही आणि सभोवार फट राहते. पॉलिश पेपरने दोन्ही कडा चकचकीत होईपर्यंत घासल्या की फरक पडतो. चाचणी हँडलचीच, डबा हातात धरून. अ‍ॅल्युमिनियम फॉइल पूर्ण गुंडाळली तर काम करते, पण चार वेळा उघडली की फाटते. मायक्रोवेव्हमध्ये किल्ली ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याचं दार २.४५ गिगाहर्ट्झसाठी बनवलेलं असतं, किल्लीच्या फ्रिक्वेन्सीला ते अडवेलच याची खात्री नाही, आणि घरातल्या कुणी न बघता बटण दाबलं तर किल्ली जळते.

पण हे सगळं विकत घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल उघडा, कारण सर्वांत चांगला उपाय फुकट असू शकतो. टोयोटाच्या बऱ्याच स्मार्ट किल्ल्यांत लॉकचं बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की दिवा चार वेळा लुकलुकतो आणि किल्ली झोपते. मग हाक कितीही जवळून आली तरी ती उत्तर देत नाही. कुठलंही बटण दाबलं की जागी होते. मर्सिडीजच्या कीलेस-गो किल्लीत लॉकचं बटण लागोपाठ दोनदा दाबायचं असतं. काही किल्ल्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो, किल्ली टेबलावर स्थिर पडली की आपोआप झोपते. काही गाड्यांत सेटिंगच्या मेनूतून कीलेस पूर्ण बंद करता येतं. अल्ट्रा-वाइडबँड या रेडिओ तंत्रावर चालणाऱ्या नव्या किल्ल्या तर सिग्नलला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, त्यामुळे लांबून आणलेलं उत्तर उशिरा पोचल्याचं गाडीला कळतं. ज्यांच्या किल्लीत यातलं काही आहे त्यांनी पाऊचवर पैसे घालवू नयेत.

पाऊचचा एक उपयोग मात्र जाहिरातीत नसतो आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पार्किंगमध्ये चोर जॅमर लावून लॉकचा सिग्नल दाबून टाकतात. मालक बटण दाबत निघून जातो आणि गाडी उघडीच राहते. म्हणून हँडल ओढून बघावं म्हणतात, पण कीलेस किल्ली खिशात असली तर हँडल ओढल्यावर गाडी उघडणारच, लॉक झालेली असो वा नसो. आधी लॉक करायचं, किल्ली पाऊचमध्ये घालायची, मग हँडल ओढायचं. उघडलं नाही तर खरंच लॉक आहे. इंडिकेटर लुकलुकले आणि आरसे मिटले तरी ही सवय ठेवावी.

इथपर्यंत मत असं होतं की किल्ली नीट झोपवली किंवा डब्यात ठेवली की काम भागलं, स्टिअरिंग लॉक हे जोडीला घेतलेलं ओझं. ते मत बदललं. कारण, किल्लीला हातही न लावता गाडी नेता येते. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक सुरक्षेचे जाणकार केन टिंडेल यांनी लंडनमधून चोरीला गेलेल्या एका टोयोटा आरएव्ही४ चा तपशीलवार उलगडा एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. चोर बंपर सरकवून पुढच्या दिव्याचा कनेक्टर काढतात आणि तिथल्या वायरींतून कॅन बसमध्ये, म्हणजे गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या तारांच्या जाळ्यात, 'किल्ली तपासली, बरोबर आहे' असा खोटा संदेश घुसवतात. उपकरण ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं होतं. गाडी स्वतःहून दार उघडते आणि सुरूही होते. यापुढे पाऊच, डबा, झोपलेली किल्ली सगळं गैरलागू आहे. उरतं ते लोखंड.

स्टिअरिंग लॉकमध्ये चाकाला दोन हुकांनी अडकणारा दांडा सर्वांत जास्त विकला जातो आणि तोच सर्वांत कच्चा. दांडा मजबूत असतो, स्टिअरिंगचं चाक नसतं. फोमच्या आत हलक्या धातूची कडी असते, ती करवतीने एका जागी कापली की दांडा सरकवून काढता येतो. पूर्ण चाक झाकणारी तबकडी घ्यावी, तिच्याखाली करवत पोचत नाही. घेण्याआधी चाकाचा बाहेरचा व्यास मोजा आणि खालची बाजू सपाट आहे का बघा. सपाट चाकावर बऱ्याच तबकड्या ढिल्या बसतात आणि ढिली तबकडी पहारीने उचकटता येते. दांडाच घ्यायचा असेल तर कुलपाचं तोंड डॅशबोर्डकडे करून लावा, म्हणजे ड्रिल सरळ पोचत नाही. पोकळ गोल किल्लीचं कुलूप टाळा, खळगे पाडलेल्या चपट्या किल्लीचं बरं.

रोजच्या वापरातल्या तक्रारी: तबकडी जड आहे, उन्हात उभ्या गाडीत हात भाजेल इतकी तापते, आणि शेजारच्या सीटवर ठेवली तर ब्रेक लावताना खाली आदळते. तिला पायाशी, सीटच्या मागे जागा ठरवून द्यावी. आतल्या बाजूचं रबर निघालं की चाकाच्या चामड्यावर ओरखडे पडतात, तिथे जाड फेल्ट चिकटवावं. कुलूप जड चालायला लागलं तर तेल घालू नका, त्यावर धूळ बसून ते आणखी अडकतं. ग्रॅफाइट पावडर फुंकावी.

ओबीडी पोर्टबद्दल, म्हणजे मेकॅनिक गाडीचे दोष तपासायला उपकरण जोडतो त्या सॉकेटबद्दल एवढंच, की तो स्टिअरिंगच्या जवळपास, सहज हात पोचेल असा असतो आणि त्यातून नवी किल्ली जोडता येते. कुलपाचं झाकण लावता येतं. सर्व्हिसला देताना ते काढायला विसरलात तर गाडी तशीच परत मिळते.

चोराला गाडी चालवता येऊ नये म्हणून फ्युएल पंपाच्या रिलेवर, म्हणजे पंपाची वीज चालू-बंद करणाऱ्या भागावर, गुप्त स्विच बसवणार असाल तर तो रिलेच्या कॉइलच्या बाजूला, म्हणजे ८५ किंवा ८६ नंबरच्या पिनच्या वायरीत बसवायला सांगा. तिथून फार तर काही शे मिलीअँपिअर वाहतात, साधा स्विच पुरतो. ३० किंवा ८७ वर बसवला तर पंपाचा सगळा करंट त्यातून जातो, स्विच तापतो आणि भर रस्त्यात गाडी बंद पडू शकते. जोड सोल्डर करून त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी, नुसती चिमटा क्लिप नको. पिवळ्या आवरणातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांच्या आसपासही जाऊ देऊ नका. पंप कंट्रोल मॉड्यूलवरून चालणाऱ्या नव्या गाड्यांत हा उद्योग करूच नये. तिथे स्टिअरिंगवरची बटणं ठरलेल्या क्रमाने दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारा कॅन इमोबिलायझर जाणकाराकडून बसवून घ्यावा. वॉरंटीवर काय परिणाम होतो ते आधी लेखी विचारून घ्या.

आणि दुसरी किल्ली. पहिलीसाठी एवढी काळजी घेणाऱ्या घरांतही ती दाराजवळच्या ड्रॉवरमध्ये उघडी पडलेली असते आणि पहिलीइतक्याच तत्परतेने उत्तर देते. ती क्वचित लागत असेल तर तिची बॅटरी काढून वेगळी ठेवा. गरज पडली तर आतलं धातूचं पातं काढून दार उघडतं आणि किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून गाडी सुरू होते. काही गाड्यांत ही जागा बटणावर नसते, कप ठेवायच्या खाचेत किंवा मधल्या खणात असते. मॅन्युअलमध्ये बघून एकदा दिवसाउजेडी करून पाहा.