बॉक्सिंगच्या फेव्हरिटवर सिंगल लावायचं की पार्ले?

माझा मामेभाऊ लंडनला असतो, तिकडे बेटिंग कायदेशीर आहे. काल फोनवर विचारत होता की दादा, फेव्हरिटवर, म्हणजे जिंकेल असं धरलेल्या बॉक्सरवर, 1.20 भावाने हजार सिंगल (फक्त त्या एकावर) लावले तर 1200 परत येतात, म्हणजे जेमतेम दोनशे सुटतात, मग तीन फेव्हरिट जोडून पार्ले (तिघांवर मिळून एकच पैज) केला तर रिस्क कमी होईल ना? (मुंबईत बसून कोणी हे करू नका, 1887 चा जुगार कायदा आहेच आणि वर 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा आला. महालक्ष्मीला रेसवर ट्रेबल खेळणाऱ्यांना मात्र पार्ले लगेच कळेल, तिन्ही विनर आले तरच पैसे.)

आता हिशोब रुपयांत मांडतो. तीन सिंगल, प्रत्येकी हजार, म्हणजे 3000 अडकले, तिघे जिंकले तर 600 सुटतात. पार्लेत भाव 1.20 गुणिले तीनदा, 1.728 होतो, त्यामुळे तेच 600 सुटायला फक्त 825 लावावे लागतात. एक हरला तर सिंगलवाल्याचे 600 जातात आणि पार्लेवाल्याचे पूर्ण 825. पण दोन हरले तर सिंगलवाला 1800 ला बसतो, पार्लेवाल्याचं नुकसान 825 वरच थांबतं. म्हणजे वाईट दिवसाला पार्ले खरंच सांभाळून घेतो, पण सगळ्यात जास्त वेळा होणारी गडबड, एकच जण पडणं, ती पार्लेत महाग पडते.

आणि हे सगळं रक्कम कमी केली तरच, बरं का! माझ्या ओळखीतला एकही माणूस ती कमी करत नाही, उलट हजारचे हजार ठेवून अजून एक नाव जोडतो आणि त्याला सेफ म्हणतो. बुकीचा कट, म्हणजे भावात त्याने स्वतःसाठी ठेवलेला हिस्सा, प्रत्येक नावावर चढत जातो. समजा 1.20 वाल्याची जिंकायची खरी शक्यता 80 टक्के आहे, तर सिंगलवर शंभराला सरासरी 4 रुपये जातात, तिघांच्या पार्लेवर साडेअकरा.

जोशुआ-रुईझ ही हेवीवेट बॉक्सिंग मॅच आठवते? फेव्हरिट जोशुआ होता. जून 2019, न्यूयॉर्कमध्ये शनिवारची रात्र, आपल्याकडे रविवारची सकाळ, आईने पोहे पुढ्यात ठेवले होते आणि मी ते विसरूनच गेलो होतो. रुईझ मूळ प्रतिस्पर्धी नव्हताच, मिलर नावाच्या बॉक्सरच्या जागी ऐनवेळी आलेला. तिसऱ्या राउंडला जोशुआने त्याला पाडलं, वाटलं संपली मॅच, पण तो उठला आणि त्याच राउंडमध्ये जोशुआला दोनदा खाली बसवलं, सातव्याला रेफ्रीने थांबवलीच. अशा एका नावामुळे पार्लेतले बाकीचे दोघे जिंकूनही उपयोग नाही. हेवीवेटमध्ये एक ठोसा पुरतो, डग्लसने 1990 ला टोकियोत टायसनला पाडलं तेव्हा डग्लसचा भाव 42 ला 1 होता, म्हणजे एक रुपया लावला तर 42 सुटणार.

ड्रॉचं वेगळंच. कनेलो-गोलोव्हकिन 2017, फ्युरी-वाइल्डर 2018, दोन्ही ड्रॉ. टू-वे मार्केट असेल (ड्रॉवर पैसे लावता येत नाहीत, फक्त दोघांपैकी एकावर) तर सहसा तेवढा लेग, म्हणजे पार्लेतली तेवढी मॅच, रद्द होऊन बाकी पार्ले चालू राहतो, थ्री-वे असेल (ड्रॉ हाही वेगळा पर्याय) तर अख्खा पार्ले गेला. हे लावायच्या आधी वाचायचं, नंतर नाही.

भावाला मी सांगितलं, एकाच नावावर पक्का भरवसा असेल तर सिंगल, छोटी रक्कम. पार्ले करायचाच तर दोनच नावं, त्यात हेवीवेट नको, आणि हजाराऐवजी तीनशे लाव. तो म्हणाला तीनशेत काय मजा, मी म्हटलं मग रिस्क कमी करायची गोष्ट तू करतच नाहीयेस रे.