फुकटचा हेरगिरी उपग्रह: कोपर्निकस ब्राउझर सहा महिने वापरून

नोकरीत असताना एक फोटो हातात यायला काय काय लागायचं ते आधी सांगतो. म्हणजे निवृत्तीनंतर मी एका वेबसाइटवर एवढा का भाळलो ते कळेल.

मी हवाई दलात फोटोच्या ट्रेडमध्ये होतो. विमान जायचं, परत यायचं, फिल्म उतरायची, धुवायची, सुकवायची. मग लाइट टेबलवर भिंग आणि स्टिरिओस्कोप घेऊन आम्ही वाकायचो. हायपोचा, म्हणजे फिल्म धुण्याच्या रसायनाचा, वास बोटांना दोन दोन दिवस राहायचा. याहून जास्त सांगत नाही, सही करून आलोय. जे जाहीर आहे तेवढंच बोलतो: २१ मे १९९९ ला कारगिलच्या वेळी बटालिक भागात फोटो काढायला गेलेल्या १०६ स्क्वाड्रनच्या कॅनबेरा विमानाला स्टिंगर क्षेपणास्त्र लागलं. एक इंजिन गेलेलं ते विमान पेरुमल आणि झा यांनी श्रीनगरला सुखरूप उतरवलं. एका फोटोसाठी दोन माणसं जिवावर उदार व्हायची, आणि फोटो बघणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असायची.

आणि आता मी विट्याला घरी, चहाचा कप बाजूला ठेवून, भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर चीनचं वाळवंट बघतो. कुणाची परवानगी नाही, पैसे नाहीत.

कोपर्निकस ब्राउझर हे युरोपियन युनियनच्या सेंटिनेल उपग्रहांचे फोटो दाखवणारं संकेतस्थळ. बघायला खातंसुद्धा लागत नाही, फोटो उतरवून घ्यायचा असेल तर लागतं. गाव शोधायचं, तारीख निवडायची, ढगांची पट्टी कमी करायची, की झालं. गुगल अर्थवर फोटो जास्त स्पष्ट असतो, पण तो कधीचा आहे ते खाली बारीक अक्षरात शोधावं लागतं, आणि बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीचा निघतो. इथे साधारण दर पाच दिवसांनी नवा फोटो, आणि मागे २०१५ पर्यंतचे जुने. माझ्या कामात एकटा फोटो कधीच पुरत नसे. कालचा आणि आजचा शेजारी ठेवल्याशिवाय काय बदललं ते कसं कळणार? इथे दोन तारखा एकावर एक टाकून मधला पडदा माउसनं सरकवता येतो. ही एक सोय आमच्या काळी असती, तर माझा चष्म्याचा नंबर निम्मा राहिला असता.

आता उणी बाजू. सेंटिनेल-२ चा एक ठिपका म्हणजे जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर. ट्रक दिसत नाही, माणूस तर विसराच. ३० सेंटिमीटरचे फोटो विकणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत, पण ते पेन्शनीत बसत नाही. इथे धावपट्टी दिसते, नवा रस्ता दिसतो, जळालेलं गाव दिसतं. बाकीचं डोक्यानं भरायचं, आणि तिथेच घात होतो.

माझाच झाला. डोळे अजून शाबूत आहेत का बघावं म्हणून मी आटपाडीकडचा माळ लावला. दोन वर्षांपूर्वी काही नव्हतं तिथे काळेभोर चौकोन, ओळीनं चार. कडा सरळ, प्रत्येक बाजू तीन-चार ठिपक्यांची, शेजारी कच्चा रस्ता. जुनी खोड. लगेच मनात आलं, कसली तरी साठवणुकीची जागा. भाच्याला गाडीवरून पाठवलं. त्यानं तिथूनच फोन केला, "मामा, शेततळी आहेत. काळा प्लॅस्टिकचा कागद घातलाय. डाळिंबाची बाग आहे शेजारी." वर त्या मालकानं ह्याला विचारलं, तुम्ही अनुदानाच्या ऑफिसातून आलाय का.

फोटोवर लिहिताना आमच्याकडे तीन पायऱ्या होत्या: शक्य, बहुधा, नक्की. दुसऱ्या माणसानं स्वतंत्रपणे बघितल्याशिवाय वरची पायरी चढायची नाही. हल्ली कुणीही याच वेबसाइटवरून फोटो उतरवतो, एका चौकोनाला लाल गोल करतो आणि थेट 'नक्की' लिहितो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी येतो. त्यातले निम्मे शेततळ्याच्याच जातीचे असणार.

पण सगळे तसे नाहीत. २०२१ साली अमेरिकेतल्या मिडलबरी इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी विकतच्या उपग्रह फोटोंवरून चीनच्या युमेनजवळ बांधकाम चालू असलेले ११९ क्षेपणास्त्र सायलो, म्हणजे क्षेपणास्त्र उभं ठेवायच्या जमिनीखालच्या विहिरी, शोधले. सरकारी हेर खातं नाही, हाताखाली विमान नाही. मी तोच भाग इथे उघडला. वाळूत साधारण तीन तीन किलोमीटरवर एकेक ठिपका, पुसट रस्त्यांनी जोडलेला, रांगोळीच्या ठिपक्यांसारखा. सांगितल्यावर मलाही दिसलं. न सांगता दिसलं असतं का, याचं उत्तर देत नाही.

या साइटचं सगळ्यात मजेशीर अंग म्हणजे वेळ. सेंटिनेल-२ आपल्याकडे सकाळी अकराच्या आसपासच येतो. म्हणजे लपवणाऱ्यालाही वेळापत्रक माहीत. १९९५ मध्ये पोखरणच्या अणुचाचणीची तयारी अमेरिकी उपग्रहांनी टिपली. १९९८ मध्ये ५८ इंजिनिअर रेजिमेंटनं रात्री काम केलं आणि पहाटेपर्यंत यंत्रं जागच्या जागी परत नेऊन ठेवली. ११ मेच्या दुपारपर्यंत अमेरिकेला पत्ता नाही. फरक एवढाच, की तेव्हा वरून आपण कसे दिसतो याचा अंदाज बांधावा लागे. आज कुठल्याही देशाचा सुभेदार आपल्याच छावणीचा फोटो या साइटवर बघून जाळी नीट लागली का तपासू शकतो. २००५ मध्ये गुगल अर्थ आलं तेव्हा राष्ट्रपती कलामांनी सुरक्षेबद्दल चिंता व्यक्त केली होती. ती खरीच होती, पण नाण्याची ही दुसरी बाजू मला तेव्हा सुचली नव्हती.

पावसाळ्यात जून ते सप्टेंबर ढगच ढग, पैसे दिले असते तर परत मागितले असते. तेव्हा यादीतून सेंटिनेल-१ निवडा. तो रडार आहे, ढग आणि रात्र दोन्ही भेदतो. चित्र करडं, दाणेदार, पहिल्यांदा काहीच कळत नाही, चिकाटी ठेवा. आणि यात एक गंमत आहे: जमिनीवर तशाच लहरी फेकणारं लष्करी रडार चालू असेल तर चित्रावर लांबच लांब पट्टे उमटतात. २०१८ मध्ये एका इस्रायली अभ्यासकानं त्यावरून पॅट्रियट क्षेपणास्त्रांच्या रडारच्या जागा ओळखल्या. रडार लपवलं, पण त्याचा आवाज राहिला! हे वाचून मी आमच्या जुन्या साहेबांना फोन केला होता. ते पाच मिनिटं नुसते हसत होते.

मुलांना दाखवायचं असेल तर मुंबईच्या आकाशात उडतं विमान शोधा. तीन रंग किंचित वेगवेगळ्या क्षणी टिपले जातात, म्हणून एकच विमान निळं, हिरवं, तांबडं असं तीनदा दिसतं.

तक्रारी: मराठी सोडा, हिंदीही नाही. मोबाइलवर वापरू नका, बोटानं तारीख निवडताना जीव जातो. थरांची नावं बघून माणूस पळून जाईल. सुरुवातीला फक्त 'ट्रू कलर' आणि 'फॉल्स कलर' घ्या. दुसऱ्यात पीक तांबडं आणि पाणी काळं दिसतं. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आल्यावर आमचा भाग कसा लाल होत गेला ते वर्षावर्षानं बघा, एक संध्याकाळ सहज जाते.

पाचपैकी साडेचार. अर्धा भाच्याच्या पेट्रोलचा कापला.