‘बॅनरलॉर्ड’मधील व्यापार : पूर्वार्ध उत्तम, उत्तरार्ध अपुरा

अंकारा येथील टेलवर्ल्ड्स या तुर्की कंपनीचा ‘माउंट अँड ब्लेड २ : बॅनरलॉर्ड’ हा संगणकीय खेळ मार्च २०२० मध्ये अपूर्ण अवस्थेत विक्रीस आला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. या खेळाची चर्चा निघाली की ती सहसा लढायांची असते, आणि शेकडो सैनिक एकाच रणांगणावर भिडताना पाहिले की ते स्वाभाविकही वाटते. येथे मात्र केवळ त्यातील व्यापाराचे परीक्षण करायचे आहे. कॅलरेडिया नावाच्या काल्पनिक मध्ययुगीन भूप्रदेशात धान्य, मीठ, लोखंड आणि घोडे यांची खरेदी-विक्री करून श्रीमंत होणे हा माझ्या मते या खेळाचा सर्वांत विचारपूर्वक रचलेला भाग आहे, आणि अर्ध्या वाटेवर सोडून दिलेला भागही तोच आहे.

अनेक भूमिकाप्रधान खेळांत व्यापार म्हणजे लढाईत हाती लागलेल्या वस्तू दुकानदाराच्या गळ्यात मारणे, एवढाच असतो. बॅनरलॉर्डमध्ये भावामागे कारण असते आणि ते कारण शोधून काढता येते. प्रत्येक शहराला काही खेडी जोडलेली असतात आणि प्रत्येक खेड्याचे मुख्य उत्पादन ठरलेले असते : कुठे धान्य, कुठे द्राक्षे, कुठे चिकणमाती, तर कुठे चांदीचे खनिज. खेडूत हा माल घेऊन शहराकडे निघतात, शहरातील कारखाने त्यापासून मद्य, मातीची भांडी किंवा दागिने तयार करतात आणि तांडे तो पक्का माल पुढच्या शहरांत पोहोचवतात. ही सगळी ये-जा नकाशावर डोळ्यांसमोर चालू असते. म्हणूनच एखाद्या सरदाराने खेडे लुटून जाळले की तेथून होणारी आवक थांबते, दरोडेखोरांनी वाटेत खेडुतांना गाठले तर त्यांचा माल बाजारात पोहोचतच नाही, आणि वेढ्यातून नुकत्याच सुटलेल्या, कोठारे रिकामी झालेल्या शहरात धान्य घेऊन जाणाऱ्याला एरवी कधी न मिळणारा भाव मिळतो. संपन्न शहरात मखमल आणि दागिन्यांना गिऱ्हाईक असते. तेच शहर युद्धाने खंगले की त्या मालाला कोणी विचारत नाही.

भाव स्थिर नसल्यामुळे विक्रीलाही बेत लागतो. प्रत्येक नग विकला की त्या मालाचा भाव थोडा उतरतो आणि प्रत्येक नग विकत घेतला की तो थोडा चढतो, त्यामुळे गोण्याच्या गोण्या एकाच बाजारात ओतणाऱ्याचा नफा शेवटच्या काही गोण्यांत विरून जातो. शिवाय बाजाराकडील रोकड मर्यादित असते, खेड्यांकडे तर ती फारच थोडी असते. दहा-पंधरा नग एका शहरात आणि तेवढेच पुढच्या शहरात, असा फेरा आखणारा खेळाडूच टिकतो. मालावर माउसचा सूचक (कर्सर) नेला की इतर शहरांतील भावांची जी माहिती आपल्यापर्यंत पोहोचली असेल ती दिसते. पण ती माहिती जुनी होत जाते, आणि कालच्या भावावर विसंबून निघालेला माणूस आजच्या बाजारात पोहोचतो. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

सुरुवातीचा काळ या दृष्टीने सर्वांत रंगतदार आहे. हाती सुमारे हजार डेनार (खेळातील नाणी), बरोबर मोजकी माणसे, आणि प्रत्येक डेनार भांडवल म्हणून गुंतवायचा असतो. या टप्प्यावर घोड्यांचा व्यापार विशेष फायद्याचा ठरतो. दक्षिणेच्या वाळवंटातील असेराई किंवा पूर्वेच्या गवताळ प्रदेशातील खुझैत यांच्या घोडे पाळणाऱ्या खेड्यांत जनावर स्वस्त मिळते आणि दूरच्या व्लँडिया किंवा स्टर्जिया या राज्यांच्या बाजारांत त्याला बरेच अधिक दाम येतात. शिवाय घोडा स्वतःच्या पायाने चालत असल्यामुळे त्याचे वजन आपल्या सामानात धरले जात नाही. तरीही ही सवलत अमर्याद नाही, कारण माणसांच्या मानाने जनावरे फार झाली की आपल्या पथकाची चाल मंदावते, आणि मंद चालणारे, मालाने लादलेले पथक दरोडेखोरांच्या नजरेत लगेच भरते. ओझ्यासाठी किती खेचरे ठेवायची, रक्षणासाठी किती माणसे पोसायची आणि त्या माणसांच्या रोजच्या मजुरीनंतर फेऱ्यात काय उरते, हा हिशेब येथे खरोखर करावा लागतो. व्यापाराचे कौशल्यही प्रत्यक्ष नफ्यानेच वाढते. त्याची पातळी २५ पर्यंत पोहोचली की फायद्याचा माल यादीत खुणेने ओळखता येण्याची सोय निवडता येते, आणि नव्या खेळाडूने ती अवश्य निवडावी.

त्यानंतर कारखाने आणि तांडे येतात. कारखाना कुठे काढायचा याचे उत्तर शहराच्या नावापेक्षा त्याच्या खेड्यांत दडलेले असते. ज्या शहराला ऑलिव्हची खेडी जोडलेली आहेत तेथे तेलघाणा, जेथे चांदीचे खनिज येते तेथे चांदीकाम, जेथे धान्य उदंड आहे तेथे मद्यनिर्मिती, असा विचार करावा लागतो. आणि शेजारच्या दोन शहरांत तोच माल आधीपासून बनत असेल तर आपल्या मालाचा भाव पडलेलाच राहतो, हेही पाहावे लागते. नंतरच्या सुधारणांत कारखान्याला गोदामाची जोड मिळाली, त्यामुळे कच्चा माल स्वस्ताईत भरून ठेवता येतो. ही भर योग्य दिशेची आहे. तांडा उभा करायला मात्र साधारण १५,००० डेनार लागतात आणि त्याच्या प्रमुखपदी आपला एक साथीदार द्यावा लागतो. तो तांडा स्वतःच बाजार निवडतो. कुठला माल घ्यावा, कुठल्या वाटेने जावे, हे त्याला सांगण्याची सोय खेळाने दिलेली नाही. ही उणीव मला गंभीर वाटते, कारण बाजार समजून घेण्यात ज्याने वेळ घातला त्याला ते ज्ञान आपल्याच माणसाच्या हाती देता येत नाही.

युद्धाचा परिणाम येथेही कठोर आहे. एखाद्या राजाचे सरदार झालो की त्याचे शत्रू आपले शत्रू होतात. त्यांच्या शहरांतील आपले कारखाने जातात आणि आपले तांडे त्यांच्या सैन्याचे भक्ष्य ठरतात. तटस्थ राहण्याला म्हणून खरी किंमत आहे, आणि व्यापाऱ्याने ती दीर्घकाळ जपावी.

एवढी सुरेख रचना पुढे कुठे ढासळते? पहिले कारण लोहारकाम. या कौशल्यात पुढे गेलेला खेळाडू घडवलेली एकच दोनहाती तलवार हजारो डेनारांना विकू शकतो, आणि अशा दोन-तीन तलवारींपुढे धान्य-मिठाचे कित्येक फेरे फिके पडतात. विकासकांनी वेळोवेळी या किमती आवरल्या असल्या तरी तोल पूर्णपणे सावरलेला नाही. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. श्रीमंत झालेल्या व्यापाऱ्याला करण्यासारखे खेळाकडे फारसे काही नाही. पैसा सैन्यावर, शस्त्रास्त्रांवर आणि सरदारांना वळवण्यावर खर्च करता येतो, म्हणजे शेवटी युद्धाकडेच वळावे लागते. वाटाघाटीत किल्ले आणि शहरेसुद्धा विकत घेण्याची मुभा देणारा गुण (कौशल्य वाढल्यावर मिळणारी विशेष क्षमता) आहे खरा, आणि त्याची कल्पना अप्रतिम आहे. पण तो व्यापारकौशल्य ३०० झाल्यावर मिळतो. तेथपर्यंत पोहोचायला इतके फेरे घालावे लागतात की बहुतेक खेळाडू त्याआधीच तलवारीने शहरे जिंकून मोकळे झालेले असतात. व्यापारी संघ, कर्जव्यवहार, सावकारी किंवा एखाद्या मालाची मक्तेदारी, यांपैकी काहीही मूळ खेळात नाही.

खेळात मराठी किंवा हिंदीची सोय नाही, त्यामुळे मालाची नावे आणि गुणांची वर्णने इंग्रजीतच वाचावी लागतात. पण व्यापारापुरती भाषा सोपी आहे आणि चिन्हे स्पष्ट आहेत.

केवळ व्यापारासाठी हा खेळ घ्यावा का, असे कोणी विचारले तर पूर्ण किमतीला नको, सवलतीत मिळत असेल तर निःसंकोच घ्यावा, असे मी सांगेन. असेराई वंशाचे पात्र निवडावे. त्यांना तांडे ३० टक्के स्वस्त पडतात, खरेदी-विक्रीतील तूट थोडी कमी बसते आणि वाळवंटात त्यांची चाल मंदावत नाही. पहिल्या तांड्याइतकी रक्कम साठेपर्यंत लोहाराच्या भट्टीकडे फिरकू नये आणि कुठल्याही राजाच्या चाकरीत शिरू नये.